उत्रोलीचं पाणी दोनशे आठला उकळतं

“दोनशे आठ,” हौसा म्हणाली.

डेप्युटी साहेबांनी टाक खाली ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. प्रश्न साधा होता. पाणी किती अंशांवर उकळतं? तेव्हा फॅरनहाइटचे अंश चालत. पुस्तकातलं उत्तर होतं दोनशे बारा. हौसाच्या आधीच्या अकरा पोरांनी ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

“नीट विचार करून सांग.”

“दोनशे आठ. म्या सोता बघितलंय साहेब.”

“म्हणजे पुस्तक चुकलं?”

“ते मला ठावं न्हाई. आमच्या उत्रोलीचं पानी दोनशे आठला उकळतंय.”

वर्गात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी यादीतल्या तिच्या नावावर काट मारली आणि पुढच्या पोराला उभं केलं.

ही गोष्ट स्वातंत्र्याच्या दहा-बारा वर्षं आधीची. मी भोरच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होतो. डेप्युटी म्हणजे शाळा तपासणारा अधिकारी. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल नावाची मोठी परीक्षा असे. ती पास झाली की ट्रेनिंग घेऊन मास्तर होता येई. या परीक्षेला आमच्या शाळेतून कोण बसणार, ते डेप्युटी तोंडी प्रश्न विचारून ठरवत. हौसाचा बाप तुकाराम भोरला लागूनच्या उत्रोलीत भातशेती करी. त्याने मला आधीच बजावलं होतं, “मास्तर, औंदा पास झाली तर तिला ट्रेनिंगला धाडतो. न्हाई झाली तर फाल्गुनात लगीन लावून उजवून टाकतो. मग मला काय बोलू नका.” म्हणजे त्या एका काटेने हौसाची शाळा संपत होती.

खरं सांगायचं तर दोष माझा होता.

दोन महिन्यांपूर्वी शाळेत नवा थर्मामीटर आला होता. लाकडी पेटीतला, हातभर लांब. हौसाने उत्रोलीच्या विहिरीचं पाणी आणलं होतं, ते मी चंबूत घेतलं, खाली स्पिरिटचा दिवा लावला आणि एकेकाला आकडा वाचायला बोलावलं. पाणी खदखदायला लागलं तरी पारा दोनशे आठच्या जरा वर जाऊन थांबला. मी दिवा मोठा केला. पारा जागचा हलेना. वर्गासमोर मास्तरांचा प्रयोग फसणं यासारखी नामुष्की नाही. मग मी म्हणालो, “पुण्याहून येताना मोटारीत हादरा बसला असेल. तुम्ही वहीत दोनशे बारा लिहा.”

सगळ्यांनी लिहिलं. हौसाने लिहिलं नाही.

“गुर्जी, जे बघितलं न्हाई ते कसं लिवायचं?”

मी तिला तास संपेपर्यंत उभं केलं. ती उभी राहिली, पण आकडा बदलला नाही. मी तो नादच सोडला आणि विसरून गेलो. ती विसरली नव्हती.

आता तिचं नाव खोडलेलं पाहून माझा जीव थाऱ्यावर राहिना. तपासणी संपल्यावर मी साहेबांच्या मागे गेलो.

“साहेब, तिने खरंच दोनशे आठ पाहिले आहेत. मी साक्षीला होतो.”

“मग तुमचा थर्मामीटर बिघडलाय. मुलीला चुकीचं शिकवलंत ते वर.”

“बिघडलाय की नाही ते सिद्ध करून दाखवलं तर?”

साहेब कडक होते, पण हेकट नव्हते. “शनिवारपर्यंत माझा इथे मुक्काम आहे,” ते म्हणाले. “दाखवा.”

तो सोमवार होता. थर्मामीटर खरा की खोटा हे बघायची सोपी रीत आहे. वितळत्या बर्फात तो बत्तीस दाखवतो. पण भोरात बर्फ कुठला? पुण्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरला गळ घातली. मंगळवारी त्याने लाकडाच्या भुशात गुंडाळून बर्फाची लादी आणली. माझ्या हातात पडली तेव्हा नारळाएवढी उरली होती. ती फोडून साहेबांसमोर थर्मामीटर आत रोवला. पारा सरळ बत्तिसावर.

साहेबांनी दोनदा वाकून पाहिलं. “ठीक आहे. मग पाणी हलकं असेल. या बाजूचं पाणी हलकंच आहे.”

आपल्याकडे हे नेहमीचं. डाळ शिजली नाही की पाणी जड, अन्न पटकन पचलं की पाणी हलकं. पाण्याला बोलता येत नाही म्हणून त्याच्यावर काहीही खपतं. पण उत्तर मलाही माहीत नव्हतं. ट्रेनिंगला असताना दोनशे बारा पाठ केलं होतं, का ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तोंड पाडून उत्रोलीला गेलो. तुकारामाची बहीण रायरेश्वराच्या पठारावरून माहेरपणाला आली होती. चुलीवर हरभऱ्याची डाळ होती. ती म्हणाली, “हितं बरं बाई, लगी शिजती. आमच्या वरती रातभर भिजत घाला, अन् मोळीभर लाकडं जाळा, तवा कुठं मऊ पडती.”

“पानी जड असंल वरचं,” तुकाराम म्हणाला.

हौसा चुलीपाशी बसली होती. ती एकदम म्हणाली, “आत्या, हितलं पानी वर नेलं तर?”

मी ताडकन उठलो. माझ्या डोक्यात यायला हवा होता तो प्रयोग सातवीतल्या पोरीने चुलीपाशी बसून सांगितला होता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

उत्रोलीच्या विहिरीचं पाणी तीन बाटल्यांत भरलं. बुधवारी पहाटे निघून हौसा, तुकाराम, आत्या आणि मी पठारावर चढलो. आत्याच्या चुलीवर पातेलं ठेवलं. पाणी चांगलं खदखदलं. थर्मामीटर मी धरला, आकडा हौसाने वाचला.

“दोनशे चार.”

“आता डाळ टाकू का?” आत्याने विचारलं. पाणी नुसतं उकळून ओतून देणं तिला पटत नव्हतं.

पाणी तेच असून वर आणखी लवकर उकळलं होतं; फरक पाण्यात नव्हता, जागेत होता. म्हणजे खाली गेलं तर? भोरकरांना खाली म्हणजे कोकण. शुक्रवारी वरंधा घाट उतरून आम्ही तिघं महाडला गेलो. घाटात तुकारामाला मोटार लागली, पण मांडीवरची बाटली त्याने सोडली नाही. तिथल्या एका शाळेतल्या मास्तरांना गाठलं. त्यांना आम्ही वेडे वाटलो असणार. शेजारी विहीर असताना घाटावरचं पाणी घेऊन आलेत! तरी त्यांनी शेगडी पेटवली.

पारा दोनशे आठ ओलांडून गेला. दहा. अकरा. हौसा वाकून आकडे वाचत होती.

“गुर्जी, बारा!”

तुकारामाला आकडे वाचता येत नव्हते. त्याने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे पुसले. महाडच्या मास्तरांनी तो आकडा कागदावर लिहून खाली सही दिली.

शनिवारी सकाळी तो कागद आणि तिसरी बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांच्यासमोर तेच पाणी उकळलं. दोनशे आठ. साहेबांनी महाडचा कागद पुन्हा वाचला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हौसाला विचारलं, “असं का होतं?”

आदल्या रात्री परतताना आम्ही तेच बोलत आलो होतो. हवेला वजन असतं हे मी शिकवलं होतं. पण ते धड्यात एका पानावर आणि उकळणं दुसऱ्या पानावर. दोन पानं जोडायला घाट उतरावा लागला.

“पान्यावर हवेचं झाकण हाय,” हौसा म्हणाली. “कोकणात झाकण जड. वाफंला ते उचलाया लई ऊन व्हावं लागतं. आमच्या हितं झाकण हलकं, पठारावर आनखी हलकं. म्हनून पानी लवकर उकळतं, पर कमी ऊन ऱ्हातं. डाळ शिजत न्हाई ती त्यानं.”

साहेबांनी यादी ओढली आणि काट मारलेलं नाव खाली पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिलं. “परीक्षेत मात्र दोनशे बारा लिही,” ते म्हणाले. “तपासणारा कुठला असेल, सांगता येत नाही.”

“समुद्राकाठी दोनशे बारा, असं लिवते साहेब. ते खरं हाय.”

साहेब पहिल्यांदा हसले.

सोमवारी मी सातवीच्या वर्गाला वह्या काढायला लावल्या. दोनशे बारा खोडा म्हणालो, आणि थर्मामीटर बिघडला नव्हता, मी घाबरलो होतो, हेही सांगितलं. मग हौसाला ज्या जागी उभं केलं होतं, तिथेच उभं राहून पुढचा तास घेतला.

हौसा पास झाली. तुकारामाने शब्द पाळला. ट्रेनिंग संपवून ती वेल्ह्याकडच्या एका शाळेत मास्तरीण झाली. पहिल्या वर्षीच तिचं कार्ड आलं: “गुरुजी, इथे पारा दोनशे आठलाही पोचत नाही. सगळ्या वर्गाने पुस्तकातला आकडा लिहिला. एकट्या धोंडूने पाहिला तो लिहिला. त्याला मी उभं केलं, बाकीच्यांना टाळ्या वाजवायला सांगण्यासाठी.”

चाळीस वर्षं शिकवून मला एवढंच कळलं, की आकडा जुळला नाही तर आधी थर्मामीटरला शिव्या देऊ नयेत. आणि पोरीला तर नाहीच नाही.