तोंडी परीक्षेत ती काय बोलली

दारव्हा तालुक्यातल्या ज्या शाळेत मी नववीला मराठी शिकवते, तिथे सहामाहीच्या आधी तोंडी परीक्षा होते. मुलांनी वर्गासमोर उभं राहून बोलायचं आणि मी उच्चार, ओघ, शब्दसंपत्ती, सभाधीटपणा अशा रकान्यांत गुण भरायचे. त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, ती बोलताना अडखळायची. पहिल्याच अक्षराला जीभ अडकायची, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. तिचे निबंध छान असत. तोंडी परीक्षेत मात्र आठवीपर्यंत ती नुसती उभी राहायची आणि खाली बसायची.

हिची परीक्षा वेगळी घेते, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. बाकीची मुलं कुरकुर करतील, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मला तिची भाषा तपासायची आहे, धीर नाही. थोडा विचार करून ते हो म्हणाले.

दुपारी आम्ही दोघी मैदानाच्या कडेने चालत राहिलो. मी मुद्दाम समोर बघत होते. विषय तिनेच निवडायचा होता. मैदानाची एक फेरी झाली. मग ती घरच्या गाईच्या वासराबद्दल बोलू लागली. जन्मल्यापासून ते उभंच राहत नव्हतं. तिचे वडील त्याला पोत्याने पुसत, पाय चोळत बसले होते. आईने जेवायला हाका मारल्या तरी उठले नाहीत. शेवटी वासरू गेलं.

"बाबा त्याच्या अंगावर हात ठेवून रडत होते," ती म्हणाली. "मी दारातून पाहून राह्यली होती. त्यायले माहीत नाही."

'वासरू' आणि 'बाबा' या दोन शब्दांवर ती प्रत्येक वेळी अडली. तिचा शब्द मी पुरा करत नव्हते, ती करेपर्यंत चालत होते. ओघाच्या रकान्यात काय भरावं ते मला कळेना. मी पूर्ण गुण दिले. पुढच्या तासाला तिने वर्गात हात वर केला आणि अडखळत का होईना, एका कवितेतल्या शब्दाचा अर्थ विचारला.

दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनच्या गंजीजवळ तिला साप चावला. यवतमाळला पोचायच्या आधीच ती गेली.

शाळा उघडल्यावर काही दिवसांनी तिचे वडील आले. दाखला वगैरे काही नको होता. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुलगी घरी आल्यावर सांगत होती म्हणे, मॅडमनं माझी एकटीची परीक्षा घेतली, मी लय बोलली. काय बोलली ते मात्र सांगितलं नाही.

"काय बोलली हो ते?" त्यांनी विचारलं. "एवढं सोडून आमच्यासंग कधी दोन वाक्यं बोलली नाही."

मी सगळं सांगितलं. दाराशी उभी राहून तिने पाहिलेलंही सांगितलं.

"तिनं पाह्यलं होतं?" एवढंच म्हणाले. मग पुन्हा एकदा सांगायला लावलं. तासाची घंटा झाली, वर्गात गलका सुरू झाला, तरी मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते तिच्या आईला घेऊन आले. हिलेही सांगा, म्हणाले. आई बाकावर बसली, पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. वासराचं तिला माहीत होतं. नवऱ्याच्या रडण्याचंही बहुतेक माहीत असावं. माझं सांगून झाल्यावर तिने विचारलं, बोलताना पोरीला त्रास झाला का. झाला, मी म्हटलं, पण तिने सोडलं नाही.

"घरी पानी पायजे असलं तर गिलास दाखवायची," ती म्हणाली. "आमी समजून घ्यायचो. तिले बोलायचं काम पडू देत नव्हतो."

तिच्या नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघं उठले. दारव्ह्याची जीप भरत आली होती, म्हणून मी चहाला थांबवलं नाही. ते परत कधी आले नाहीत.

वार्षिक तोंडी परीक्षेत हजेरीपटाच्या क्रमाने तिचा नंबर आला तेव्हा मुलं माझ्याकडे बघू लागली. मी पुढचं नाव घेतलं. तो मुलगा उठला, फळ्यापाशी आला आणि पाठ केलेलं भाषण भराभर म्हणू लागला. मला त्यातलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं.