घंगाळातल्या झाडाचे निदान

नसीम युसूफ शेख यांना मी प्रथम भेटलो तो झाडांसाठी नव्हे. पुण्याच्या पेठांतील कल्हईचा व्यवसाय कसा ओसरत गेला, याची माहिती मी गोळा करत होतो. त्यांचे वडील युसूफभाई नारायण आणि सदाशिव पेठेत भाता घेऊन फिरत असत, एवढाच दुवा माझ्या हाती होता. वारज्यातील त्यांच्या घराचे दार उघडले तेव्हा त्यांच्या हातात मुळासकट उपटलेला मनी प्लांट होता आणि त्या त्याच्या मुळांचा वास घेत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "हे कुजलंय. वडलांचं नंतर सांगते."

वडिलांविषयी त्यांनी पुढे पुष्कळ सांगितले आणि ते मी अन्यत्र नोंदवले आहे. त्या बोलण्यात एका रबराच्या झाडाची हकीकत मात्र सारखी डोकावत राहिली. ती मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. नसीमबाई, सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई अशा तिघांकडून वेगवेगळी ऐकली. तिघांचे बहुतेक जुळते. जेथे जुळत नाही तेथे तसे सांगेन.

नसीमबाईंची नोकरी एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतर शेजारी आपापल्या आजारी कुंड्या त्यांच्याकडे आणू लागले, मग शेजाऱ्यांचे नातेवाईक, मग कर्वेनगरपासूनचे अनोळखी लोक. मोबाइलवरचा फोटो पाहून त्या काहीही सांगत नाहीत. कुंडी आणायची आणि विचारतील त्याचे उत्तर द्यायचे.

त्यांची पद्धत मी त्यांच्याच शब्दांत देतो. "जुनी पानं आधी पिवळी पडली की समजायचं, झाड थोरल्याच्या ताटातलं काढून धाकट्याला वाढतंय. नत्र कमी. कडा करपल्या तर क्षार साचलेत. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे हे घरोघरी. आणि नवंच पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या, तर लोह पोचत नाही. लोह नाही असं म्हणाले नाही मी. पोचत नाही म्हणाले. मूळच उचलत नसेल तर वरून खत ओतून काय होणार? म्हणून पान वाचून थांबायचं नाही. मूळ बघायचं."

अडचण जागेची होती. दुरुस्त होणाऱ्या कुंड्या जिन्यात उभ्या राहत, लिफ्टमध्ये माती सांडे. सोसायटीने लेखी कळवले की हे थांबवावे. तळमजल्यावर मोडक्या खुर्च्यांनी भरलेली एक खोली होती. नसीमबाईंनी ती मागितली. खोली मिळाली तर काम चालणार होते, न मिळाली तर बंद.

निर्णय आप्पासाहेबांच्या हाती होता. इमारत उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांची. ज्वारीचे रान गेले आणि त्यावर फ्लॅट आले, तरी माणूस आपल्या बांधावर उभा असल्यासारखाच वावरतो. प्रवेशद्वाराशी त्यांनी आपल्या आईचे, सरुबाईंचे, तांब्याचे घंगाळ मांडले होते आणि त्यात रबराचे झाड लावले होते. घंगाळ बाहेरून लखलखीत होते. झाड वाळत चालले होते.

"तुम्ही म्हणं झाडांच्या डॉक्टर," आप्पासाहेब म्हणाले. "मग आमचं एवढं उठवा. उठलं तर वार्षिक सभेत खोलीचा ठराव मी मांडतो. नाही उठलं, तर कुंड्या बंद. हाय कबूल?"

"कबूल," नसीमबाई म्हणाल्या. "चहा घेऊन सुरुवात करू की आधी?"

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे त्यांनी लांबूनच पाहिले होते. झाड बाहेर काढले. बारीक मुळे जवळजवळ नाहीशी झाली होती. उरलेली तपकिरी, आखूड, टोकाशी जाड झालेली. घंगाळाला अर्थातच भोक नव्हते. मातीच्या कडेने हिरवा थर होता.

"काय काय घालता याला?"

"पाणी. अन् महिन्याला चिमूटभर खत."

निदान सरळ होते. भोक नाही, पाणी साचते, मुळे गुदमरतात, मग लोह उचलत नाहीत. हिरवे दिसते ते ओलाव्याचे शेवाळ. आईच्या घंगाळाला भोक पाडायला आप्पासाहेब तयार होणार नव्हते आणि नसीमबाईंनी ते विचारलेही नाही. तळाशी जाड खडी, वर नवी भुसभुशीत माती, पाणी बोटाने ओल तपासूनच. झाड पुन्हा घंगाळात गेले.

ते सुधारले नाही. आलेले एकुलते नवे पान आधीच्यापेक्षाही पिवळे निघाले. सोसायटीचे सेक्रेटरी जयसिंग हे आयटीत नोकरी करणारे गृहस्थ. ते येता-जाता विचारू लागले, "मॅडम, पेशंटचं स्टेटस काय? आयसीयू की डायरेक्ट डिस्चार्ज?"

"तुमच्या रखडलेल्या पार्किंगच्या प्रकल्पाआधी उठेल," नसीमबाई म्हणत. पण झाड काही त्यांच्या बाजूने साक्ष देत नव्हते.

एक गोष्ट त्यांना खटकत होती, आणि ती त्यांनी मला न विचारता सांगितली. साचल्या पाण्याने मेलेल्या मुळांना वास येतो, ओढले की साल सुटून हातात येते. या मुळांना वास नव्हता. साल घट्ट होती. ती कुजलेली नव्हती, भाजल्यासारखी होती. खुलासा सापडेना, म्हणून त्या वर आप्पासाहेबांच्या घरी पुन्हा विचारपूस करायला गेल्या.

आनंदीबाई ताक घुसळून बरणीत ओतत होत्या. "या, नसीमताई. घ्या थोडं. नाहीतरी निम्मं झाडालाच जातंय."

"कोणत्या झाडाला?"

"खालच्या. आंबलं की हे घेऊन जातात."

नसीमबाई आप्पासाहेबांकडे वळल्या. "आपण मला म्हणालात, पाणी आणि खत."

"मग? ताक काय खत हाय का?" आप्पासाहेब म्हणाले. "वांग्याला घालायचो आम्ही. नुसतं तरारायचं."

"वांगी रानात होती ना? हे कशात ओतता?"

"घंगाळात. आणखी कशात ओतू?"

आनंदीबाईंनी बरणी खाली ठेवली. "अहो, तांब्यात आंबट ताक? बिनकल्हईच्या भांड्यात? कळकलं असेल की ते! माणसाला पाजलं असतंत तर दवाखान्यात न्यावं लागलं असतं!"

इथे साक्षी फुटतात. आप्पासाहेबांच्या मते कळकण्याची शंका त्यांनाच प्रथम आली. दोन्ही बायका हे मान्य करत नाहीत, आणि मी दोघींच्या बाजूचा आहे.

आंबट पदार्थ उघड्या तांब्यात ठेवला की तांबे त्यात उतरते आणि पदार्थ कळकतो, याचसाठी कल्हई. हे नसीमबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती, त्या कल्हईवाल्याच्याच घरात जन्मल्या होत्या. मग सुचले का नाही? हा प्रश्न मी त्यांना सरळ विचारला.

"घंगाळ आमच्याकडे यायचंच नाही हो," त्या म्हणाल्या. "पातेली यायची, ताटं यायची, परात यायची. अंघोळीच्या पाण्याला कल्हई कोण करतं? माझ्या लेखी घंगाळ भांड्यांत मोडतच नव्हतं. त्यांच्या लेखी ताक खतात मोडत नव्हतं. दोघांच्या मधे झाड मेलं असतं."

हा खुलासा मी दुसऱ्या एका जुन्या कल्हईवाल्याकडे पडताळून पाहिला. त्यांनीही घंगाळाला हात लावल्याचे आठवत नाही म्हटले.

खाली जाऊन त्यांनी मातीच्या कडेचा हिरवा थर नखाने खरवडला. शेवाळ बुळबुळीत असते. हे कोरडे, निळसर, भुकटीसारखे होते: तांब्याचा कळंक. बाहेरची बाजू रोज चिंचेने घासली जात होती. आतल्या बाजूला कोणी पाहिले नव्हते. मुळांची टोके आखूड का, वास का नाही, लोह का पोचत नाही, सगळ्याचे उत्तर एकच निघाले. तांबे साचले होते, आणि तांबे साचले की मूळ आधी जळते.

"आता कळलं," त्या आप्पासाहेबांना म्हणाल्या. "हे उठणार."

"मागं बी तुम्ही हेच म्हणाला होता."

"मागे मला ताक माहीत नव्हतं."

सगळी माती फेकली. मुळे वाहत्या पाण्यात धुतली, जळालेली कापली, वरची पानेही कमी केली, कारण उरलेल्या मुळांना तेवढा संसार झेपणार नव्हता. कोकोपीट आणि गांडूळखत घातलेल्या नव्या मातीत, भोक असलेल्या साध्या मातीच्या कुंडीत झाड लावले. कुंडी घंगाळातच ठेवली, पण विटांवर, तांब्याला न टेकता. निथळलेले पाणी तिथे राहू द्यायचे नाही. सरुबाईंचे घंगाळ दारात जसेच्या तसे दिसत राहिले. आप्पासाहेबांची एवढीच अट होती.

वार्षिक सभा आली तेव्हा झाडाला नवे पान नव्हते. टोकाला एक बंद लालसर कोंब होता आणि तो आधीही होता. जयसिंग उभे राहिले. "सर, विषय क्लिअर आहे. व्हिज्युअली काहीच इम्प्रूव्हमेंट नाही. खोलीत आपण सायकल स्टँड करू शकतो."

सभासदांनी माना हलवल्या. नसीमबाई उठल्या, पलीकडेच दारात असलेल्या घंगाळातून कुंडी उचलून त्यांनी थेट आप्पासाहेबांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली. बुंधा दोन बोटांत धरून कुंडी उपडी केली आणि मातीचा गोळा अखंड तळहातावर घेतला.

"अहो मॅडम, मिनिट्स खराब होतील!" जयसिंग म्हणाले.

"लिहाल पुन्हा. आप्पासाहेब, आपण शेतकरी. पान उशिरा बोलतं, हे आपल्याला मी सांगायचं का?"

आप्पासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. गोळ्याच्या कडेने बारीक पांढरी मुळे निघाली होती, काही मातीबाहेर डोकावत होती. त्यांनी एकाला बोट लावले. टोक कडक होते, ओलसर होते. त्यांनी वाकून वास घेतला.

"मूळ धरलंय," ते म्हणाले. मग जयसिंगांकडे न पाहता, "लिहा. खोली नसीमबाईंना. खुर्च्या उद्या काढा."

"सर, पण पान..."

"पान येतंय मागनं. पेरलं की दुसऱ्या दिवशी कणीस मागता का तुम्ही?"

ठराव मंजूर झाला. कोंब पुढे उघडला; ते पान हिरवेगार होते, असे नसीमबाई सांगतात. मी गेलो तेव्हा झाड दाराच्या चौकटीइतके उंच झाले होते, त्यामुळे त्या विधानावर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. खोलीत आता फळ्या आहेत, फळ्यांवर लोकांच्या कुंड्या आहेत, आणि आलेल्याला पहिला प्रश्न असतो: "पाणी आणि खत सोडून काय घालता?"

सभा संपताना आप्पासाहेबांनी किल्ली पुढे केली, पण लगेच सोडली नाही. "एक सांगा बाई. आता उरलेलं ताक मी कुठं ओतू?"

मागच्या रांगेतून आनंदीबाईंनीच उत्तर दिले.

"पीत जा."