नागपंचमीची बरणी

मुरब्बा हा शब्द मूळचा अरबी. तो ज्या धातूपासून झाला त्याचा अर्थ वाढवणे, जोपासणे असा आहे. आपला 'मुरब्बी' त्याच कुळातला. पाकात ठेवून जोपासलेले फळ, तो मुरब्बा. आपल्याकडे येऊन तो आंब्याशी जोडला गेला आणि मुरांबा झाला. हे मला वडिलांनी सांगितले होते. कोल्हापुरातल्या एका शाळेत ते भाषा शिकवत आणि जेवतानाही शब्दाचे मूळ सांगितल्याशिवाय त्यांना घास जात नसे.

नव्वदचे दशक संपत आले होते. त्या वर्षी आईने मुरांबा घातला, तेव्हा वडिलांच्या जिभेची जखम कर्करोगाची आहे हे आम्हांला समजलेले होते. आईने मात्र नेहमीच्याच क्रमाने सर्व केले. कैरीच्या फोडी टोचल्या, अर्धवट उकडल्या, फडक्यावर कोरड्या केल्या आणि दोनतारी पाकात सोडल्या. बरणीच्या तोंडावर दादरा, म्हणजे स्वच्छ फडके, बांधले. ही बरणी नागपंचमीपूर्वी उघडायची नाही, असा घरचा नियम होता. वडीलच तो कटाक्षाने पाळायला लावत.

आषाढात उपचारांसाठीच्या मिरजेच्या फेऱ्या थांबल्या. आता घरीच ठेवा, असे डॉक्टर म्हणाले. वडिलांचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते. एका दुपारी त्यांनी फळीवरच्या बरणीकडे बोट दाखवले.

"अजून मुरला नाही," आई म्हणाली. "नागपंचमीला देते."

त्यांनी हात खाली घेतला.

दूध घालायला आलेल्या शेजारच्या मावशींनी हे दारातून पाहिले. आई स्वयंपाकघरात आल्यावर त्या हळू बोलायचा प्रयत्न करू लागल्या; ते त्यांना कधीच जमत नसे.

"वैनी, उघडा की ती बरणी! पंचमी काय, येतीयाच. माणसाचं काय?"

"आत्ता उघडली तर यांना कळेल हो."

"त्यास्नी कळायचं ऱ्हायलंय व्हय? मास्तर हायत ते. तुमच्या आधी कळलंय."

आईने बराच वेळ भांडे विसळले. मग हात कोरडे केले, बरणी उतरवली आणि दादऱ्याची गाठ सोडली.

चमचाभर पाक जिभेला लागताच वडिलांचा चेहरा आक्रसला. जखमेला तो झोंबला होता. डोळ्यांतून पाणी आले. तरीही त्यांनी मान हलवली, फळ्यापाशी उभ्या मुलाने उत्तर बरोबर दिल्यावर हलवत तशी. दुसरा चमचा त्यांनी हातानेच नाकारला. आईने दादरा पुन्हा बांधला आणि बरणी जागेवर ठेवली.

"उरलेला पंचमीला," ती त्यांना म्हणाली.

पंचमीपूर्वीच वडील गेले. दुखवट्याच्या वर्षात आमच्याकडे सण नसतो, म्हणून बरणी उघडली गेली नाही. फळी पुसताना आई ती उचले आणि पुन्हा तिथेच ठेवी.

पुढच्या नागपंचमीला तिने ती उघडली. पाक मधासारखा दाट झाला होता, फोडींतून आरपार दिसत होते. इतका मुरलेला मुरांबा आमच्या घरी पूर्वी झाला नव्हता. मला वाटीत वाढून ती समोर बसली. स्वतः तिने घेतला नाही.

"कसा झालाय?"

"गोड," मी म्हणालो.

"यांना जरा आंबटसरच लागायचा," ती म्हणाली आणि दादऱ्याची गाठ आवळू लागली.