भीमाबाईंच्या गोळीची वेळ सांभाळणाऱ्या सुलोचना मॅडम

सुलोचना मॅडमांची नि माझी पहिली भेट तुमसरहून आंबागडला येताना बसमध्ये झाली. माझ्या मांडीवर नात, नातीच्या मांडीवर कोंबडी. मॅडमांनी हसत आम्हा तिघींना खिडकी दिली. त्या तेव्हा तुमसरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. कोंबडीचं पुढं काय झालं ते राहू द्या, हा मॅडमांच्या साठीनिमित्तचा गौरवग्रंथ आहे.

रिटायर होऊन त्या आमच्या आंबागडला राहायला आल्या. माझ्या मैत्रिणीला, भीमाबाईंना, तेव्हा बीपीची गोळी घ्यायची आठवणच राहत नसे. एकदा रोवण्याच्या वेळी, धानाची रोपं लावताना, शेतातल्या बांधीतच चक्कर येऊन पडल्या. ते ऐकून मॅडमांनी पायथन नावाच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. तो कॉम्प्युटरमध्ये मागच्या मागे चालत राहतो, रोज सकाळी ठरल्या वेळी जागा होतो, गोळीवाल्या बायांना फोन लावतो नि पुन्हा निजतो. फोनमधला आवाज माझा, आधीच भरून ठेवलेला: "गोळी घे वो बाई!"

भीमाबाई त्या आवाजालाच उत्तर देत, "घेतो ना, कायले वरडून राहिली!"

एकदा विजेची लाइन गेली नि आली. प्रोग्राम आपला आपण सुरू झाला. मॅडमांना ते ठाऊक नव्हतं, त्यांनी हातानंही सुरू केला. दोन सुनांनी एकाच भाजीत मीठ घालावं तसं झालं. भीमाबाईंना दोनदा फोन गेला, त्यांनी दोनदा गोळी घेतली. दवाखान्यात न्यावं लागलं.

मॅडम खाटेजवळ बसून म्हणाल्या, "भीमाबाई, हे आता बंदच करते मी."

"बंद कायले करता? मंग सकाळी माह्यासंगं बोलन कोन? सून तं टीव्हीसंगं बोलते!"

मॅडम रडता रडता हसल्या. मग त्यांनी दुरुस्ती केली. आता प्रोग्राम फोन लावण्याआधी खूण करून ठेवतो. दुसरा जागा झालाच तर खूण बघून गुमान निजतो. मीही नव्यानं आवाज भरला, "आजची घेतली असन तं पुन्हा घेऊ नको." त्यानंतर कितीतरी सकाळी मॅडम स्वतः भीमाबाईंच्या ओसरीवर येऊन बसत, फोन एकदाच वाजतो ना ते ऐकायला. आपल्या हातून चुकलं म्हणून तोंड न चुकवता रोज दारात येणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

यंदा भीमाबाई रोवण्याला उतरल्या, नि माझ्या पुढं होत्या.

आता मॅडमांनाही डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली आहे. पण त्यांनी आपला स्वतःचा नंबर काही प्रोग्राममध्ये घातला नाही, हे भीमाबाईंनी शोधून काढलं. मला म्हणाल्या, "लिहून टाक ग्रंथात. चार लोकं वाचतीन, तं मॅडम नंबर घालतीन."

लिहिलं. मॅडम, शंभरी गाठा, ठणठणीत राहा, नि नंबर आजच घाला.