दोन शिवणींची वही

"पिशव्या गेल्या वाहून. आता कंबरेला जे बांधलंय तेवढंच तुमचं. बोला बाइंडरबाई, कोणती वही?"

कलमसाहेबांनी असं विचारलं आणि आत्याने ओठ घट्ट मिटून घेतले. हसू फुटायच्या बेतात असलं की ती असंच करते.

रविवारची दुपार होती. आत्याच्या बांधणीखान्यात, कागद कापायच्या लांब टेबलावर डाव रंगात आला होता. एरवी या टेबलावर छापून आलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, रचलेले असतात, शेजारी खळीचा डबा, दाभण, घडी मोडायची हाडाची पट्टी. रविवारी हा सगळा पसारा भिंतीशी जातो आणि मधोमध नकाशा, फासे, पेन्सिली आणि चहाचे कप येतात. चौघं मिळून एक कथा खेळतात; मी शेजारी बसून नुसतं बघायचं. तिघं आपापलं पात्र चालवतात आणि कलमसाहेब सूत्रधार असतात: दारामागे काय आहे, पूर कुठवर चढला, हे त्यांनी सांगायचं. त्यांनी कोर्टात अडतीस वर्षं कारकुनी केली. अजूनही पाणी मागताना कलम सांगतील, म्हणून ते नाव.

आत्याची शाळा नववीत सुटली. आजोबांच्या हाताला कंप सुटला आणि सुई तिच्या हाती आली. तेव्हापासून तिने दुसऱ्यांचे प्रबंध बांधले, रजिस्टरं बांधली, शब्दकोश बांधले. फर्मे क्रमाने लागलेत ना, हे बघायला ती प्रत्येक पुस्तक चाळते, आणि चाळता चाळता वाचते. "मी अर्धवट पंडित आहे," ती म्हणते, "कुठलाही विषय काढा, त्याचं दर सोळावं पान मला पाठ आहे."

सहा वर्षांपूर्वी कलमसाहेब पाठ निखळलेलं एक जाड पुस्तक घेऊन आले होते. याच खेळाचे नियम. ते शिवताना एका पानावर तिची सुई थांबली.

पानावर होतं ते असं. खेळातल्या प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो: कोणी जादूगार, कोणी वनवैदू, कोणी योद्धा. मंत्र ज्या त्या वर्गाचे. पण काही मंत्र संथ असतात, त्यांना विधिमंत्र म्हणतात. त्यांना अंगात शक्ती लागत नाही. दहा मिनिटं लागतात आणि समोर उघडी वही लागते. ते योद्ध्यालाही शिकता येतात. त्या वर्गाच्या कोणीतरी समोर बसून सांगायचं, आपण आपल्या हाताने उतरवायचं, आणि मंत्राची पातळी आपल्या पातळीच्या निम्म्याहून वर नसावी.

पुस्तक परत देताना आत्याने विचारलं होतं, "म्हणजे जन्माने जादूगार असायची गरज नाही?"

"नाही."

"शिकवणारा हवा, वेळ हवा आणि वही हवी."

"कलम सात, पोटकलम दोन. बरोबर."

"वह्यांना माझ्याकडे काय तोटा! या रविवारी खेळायला येऊ का?"

तेव्हापासून ती तलवारबाज आहे. खेळात, अर्थात. खऱ्या आयुष्यात ती झुरळाला घाबरते.

या टेबलाचे दोन रिवाज आहेत. पहिला, मनातली वही चालत नाही. मंत्र शिकला म्हणालात तर खऱ्या वहीत खऱ्या शाईने लिहिलेला दाखवायचा. दुसरा असा की कोणी गाव सोडून गेलं आणि त्याचं पात्र जिवंत असलं, तर ते पात्र कथेत राहतं. त्याची खुर्ची मांडलेली असते, सूत्रधार त्याची विचारपूस करतो. पात्र मेलं, तर कागद घडी घालून फायलीत, आणि खुर्ची परत गोदामात.

आणि सिस्टरची बदली झाली होती. बुधवारी ती जाणार होती.

सिस्टर म्हणजे इस्पितळात काम करणारी, आत्याहून वीस वर्षांनी लहान, आत्याची जिवाभावाची मैत्रीण. तिचं पात्र वनवैदीण. या शेवटच्या डावात, पुराने भरत चाललेल्या घंटाघरात, तीच वनवैदीण पडलेल्या घंटेखाली अडकली होती, हात दाबलेले, स्वतःची वही पुरात गेलेली. पाणी हनुवटीला लागलं होतं. गणिताच्या सरांचा जादूगार मागच्याच लढाईत सगळी शक्ती वापरून रिकामा झाला होता. उरली होती आत्याची तलवारबाज, आणि तलवारीने घंटा कापता येत नाही.

"जादूगारांची वही बांधली असणार," सर हळूच म्हणाले. "पहिल्यापासून तीच तर आहे तुमची. त्यात दार उघडायचा मंत्र आहे, भाषा समजायचा आहे. पाण्यात श्वास घ्यायचा नाही. तो वनवैदूंचा."

"तो मला येतो," आत्या म्हणाली.

"येतो हो," सिस्टर म्हणाली. "मीच शिकवलाय की ताईंना! दुपारच्या सुट्टीत, कँटीनमध्ये. मी डबा खातेय आणि या लिहितायत. वॉर्डबॉयला वाटलं, मृत्युपत्र चाललंय."

हा मंत्र तिसऱ्या पातळीचा. तो मिळावा म्हणून आत्याने दीड वर्ष वाट पाहिली, सहाव्या पातळीवर पोचेपर्यंत.

कलमसाहेबांनी चष्मा वर केला. "येत असेल. पण कलम नऊ: प्रत्येक वर्गाला स्वतंत्र वही. एका वहीत दोन वर्गांचे विधी लिहिले तर दोन्ही निकामी. आणि मी मागेच सांगितलंय, कंबरेच्या पट्ट्याला एकच वही. तेव्हा जादूगारांची की वनवैदूंची, एक काय ते सांगा. आणि पट्टा तुम्ही बांधलात तीन रविवारांपूर्वी, डोंगर चढताना. तेव्हा पुराचं नाव नव्हतं."

"तेव्हाच दाखवली होती मी. तुम्ही चहात बिस्किट बुडवत होतात."

आत्याने पदराने हात पुसले आणि मागच्या फळीवरून एक निळ्या कापडाची वही आणून टेबलावर ठेवली.

मी ती वही शिवली जाताना पाहिली होती, पण आत्याचा डाव मला त्या दुपारीच कळला. वहीला पुठ्ठे तीन होते. मधला पुठ्ठा सामाईक, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वह्या एकमेकींकडे पाठ करून शिवलेल्या. एकीची शिवण डावीकडे, दुसरीची उजवीकडे. इकडून उघडली तर जादूगारांचे विधी, काळ्या शाईत. उलटी करून तिकडून उघडली तर वनवैदूंचे, हिरव्या शाईत. भांडलेल्या जावा एका सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसाव्यात, तशा.

सर खुर्चीवरून उठलेच. "अहो, हे काय आहे!"

"वही," आत्या म्हणाली.

"एक की दोन?" कलमसाहेब पुढे झुकले. त्यांचेही डोळे चमकायला लागले होते. "नीट विचार करून सांगा. एक म्हणालात, तर एका वहीत दोन वर्ग झाले, कलम नऊ मोडलं. दोन म्हणालात, तर एका पट्ट्याला दोन वह्या झाल्या, माझा निर्णय मोडला."

"साहेब, साक्षीदाराला घाबरवू नका," सिस्टर म्हणाली.

आत्या शांतपणे म्हणाली, "पुठ्ठा म्हणजे पुस्तक नव्हे, कलमसाहेब. पुठ्ठा हे अंगावरचं कापड. तुमचं हे नियमांचं पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा पुठ्ठा गेलेलाच होता, तरी तुम्ही त्याला पुस्तकच म्हणत होतात. दोऱ्याने जेवढं एकत्र धरलं तेवढं पुस्तक. इथे दोरे दोन, गाठी दोन. ओढून बघा, हिरवीतला दोरा काळीत कुठे जातोय का. म्हणून वह्या दोन. आणि पट्ट्याला वही बांधतात ती पुठ्ठ्याच्या कडीने. कडी मोजा."

कडी एकच होती. मधल्या पुठ्ठ्याला, पितळेची.

कलमसाहेबांनी वही हातात घेतली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. नखाने दोरा उचलून बघितला. नियमांचं पुस्तक उघडलं, कलम नऊ पुटपुटत वाचलं, पुन्हा वाचलं. सिस्टरने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी नाडी तिला मोजता आली असती.

"अडतीस वर्षांत," ते शेवटी म्हणाले, "एवढा स्वच्छ युक्तिवाद एकाही वकिलाने केला नाही. मान्य!"

सरांनी टेबलावर थाप मारली, चहा सांडला, नकाशावरचं एक जंगल भिजलं.

"थांबा, थांबा," कलमसाहेब म्हणाले. "विधीला दहा मिनिटं लागतात. दर मिनिटाला एक फासा, तो सिस्टरने टाकायचा. पहिला सहा आला की पाणी ओठांवर. दुसरा सहा आला की नाकावर, आणि खेळ खलास."

सरांचे ओठ हलले. "निम्म्याहून जरासं कमी."

"काय?"

"वाचायची शक्यता."

"सर, तुम्ही तोंड मिटूनच बरे दिसता," आत्या म्हणाली आणि हिरवी बाजू उघडून वाचायला लागली.

दहा ओळींचा मंत्र होता. एक ओळ, एक फासा. आत्याचं अक्षर गोल, मोठं, शाळेत असताना होतं तसंच राहिलेलं. ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती. दोन आला. पाच आला. तिसऱ्या ओळीला सहा आला आणि सिस्टरने नकळत स्वतःची हनुवटी वर उचलली.

चौथी ओळ, एक. पाचवी, चार. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सहावी, सातवी. आत्याचा आवाज चढला नाही. आठवी, तीन. नववी, पाच.

दहावी ओळ वाचून झाली. सिस्टरने फासा टाकला. तो घरंगळत गेला आणि निळ्या वहीच्या कडेला तिरका टेकून थांबला. वर दोन दिसत होता.

"दोन! दोन!" सर ओरडले.

टेकलेला फासा धरत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. कलमसाहेबांनी आत्याकडे पाहिलं. मला वाटतं, ती काही बोलली नसती तर त्या दिवशी तेही कलम विसरले असते.

आत्याने वही उचलून छातीशी धरली. फासा आडवा झाला.

"टेकला होता," ती म्हणाली. "पुन्हा टाक गं."

"ताई!"

"टाक. नियमाने शिकले, नियमाने वाचवीन."

सिस्टरने डोळे मिटून टाकला. फासा टेबलाच्या मधोमध दोनदा उडाला आणि सपाट बसला.

चार.

त्यानंतर कोण काय बोललं ते सांगता येणार नाही, कारण सगळेच एकदम बोलत होते. सिस्टर आत्याच्या गळ्यात पडली होती, सर "अट्ठेचाळीस टक्के, अट्ठेचाळीस टक्के" म्हणत येरझाऱ्या घालत होते, आणि कलमसाहेब भिजलेलं जंगल रुमालाने टिपत वनवैदीण पाण्याखाली कसा पहिला श्वास घेते ते कोणी ऐकत नसताना सांगत होते.

निघताना सिस्टरने आपल्या पात्राचा कागद आत्याला दिला. आत्याने सुई ओवली आणि तो तिच्यासमोरच हिरव्या वहीत शेवटच्या पानाला शिवून टाकला. तीन टाके. दोरा दातांनी तोडला.

पुढच्या रविवारी चार खुर्च्या मांडल्या. एक रिकामी होती. कलमसाहेबांनी चष्मा लावला, नकाशा उलगडला आणि विचारलं, "पूर ओसरलाय. वनवैदीण कुठे आहे?"

आत्याने वही उलटी केली आणि हिरवी बाजू उघडली.

"घंटाघराच्या पायरीवर," ती म्हणाली. "केस वाळवतेय. म्हणतेय, तुम्ही व्हा पुढे, मी आहे इथेच."