अठरा वर्षं ‘घरीच होते’

मैत्रिणींनो, आज जाम दमलेय, पण हे सांगायचंच आहे.

पोरगा दहावीला, पोरगी सातवीला आणि मी यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. शिष्यवृत्तीच्या अर्जाला शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, म्हणून पळसदेवहून इंदापूरला गेले. अर्ज आधीच दोनदा माघारी आलाय.

कचेरीबाहेरच्या टायपिस्टकाकांनी विचारलं, “ताई, बारावीनंतर अठरा वर्षं काय केलं?”

मी सांगायला लागले. डाळिंबाची बाग, दोन म्हशी, दोन बाळंतपणं, सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या...

“तसलं न्हाय ओ चालत. नोकरी केली? कॉलेज?”

“न्हाय.”

“मग झालं.” त्यांनी टाइप केलं, ‘सदर कालावधीत मी घरीच होते. कोणतेही काम केलेले नाही.’

“काका, शेवटची ओळ तेवढी काढा की.”

“ठरलेला मजकूर हाय ताई. बदलला तर परत खेप पडंल.”

चौथी खेप घालायची ताकद नव्हती. सही केली. खरं सांगायच्या कागदावर खोटं लिहून दिलं.

घरी पोचले तर धारेची वेळ टळलेली, म्हशी रेकत होत्या. काहीही काम न केलेल्या बाईनं पिशवी खुंटीला अडकवली आणि बादली उचलली.

तुमच्या ‘घरीच होते’मध्ये काय काय होतं गं?