बाईंच्या घराखालचा जॅक्या

घरं उचलणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? आईबापांनी ठेवलेलं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथंच सुखात होतं. बाकी जगासाठी तो जॅक्या. सिमेंटवाला जॅक्या म्हणे, ट्रकवाला जॅक्या म्हणे. सासरा होता तोवर तोही आपल्या मुलीला विचारी, "तुझा जॅक्या जेवला का?"

त्याचा धंदा होता बुडालेली घरं वर काढायचा. रस्ते दर दोन-चार वर्षांनी डांबर खाऊन फुगतात आणि कडेची घरं जागच्या जागी राहून खड्ड्यात जातात. मग एक दिवस गटाराचं पाणी न विचारता आत येऊन बसतं, की जॅक्याला बोलावणं. भिंतींच्या बुडाशी एकाआड एक भोकं पाडायची, त्यांतून लोखंडी गर्डर सरकवायचे, गर्डरखाली स्क्रू जॅक बसवायचे आणि घर फरशीसकट पायापासून सोडवायचं. प्रत्येक गड्याकडे आठ जॅक. शिट्टी वाजली की आपल्या आठही जॅकना पाव फेरा द्यायचा, ना कमी ना जास्त. कुणाच्या अंगात आलं आणि त्यानं जोर दाखवायला अर्धा फेरा दिला, की त्या कोपऱ्यातली भिंत फाटली समजा. म्हणून जॅक्याच्या टोळीत पैलवानाला जागा नव्हती.

"ताकद घरी ठेवून या," तो नव्या गड्याला सांगे. "इथं कान लागतात."

शिट्टी त्याच्या लेकीच्या तोंडात असे. तिनं बांधकामाची पदविका घेतली, दोन वर्षं ऑफिसात खुर्ची गरम केली आणि कंटाळून बापाच्या धंद्यात आली. घराच्या चारी कोपऱ्यांना पाण्याने भरलेली पारदर्शक नळी फिरवून कोण वर गेलं, कोण मागं राहिलं, ते सूत-सूत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत, सांगणं हे तिचं काम. बापाच्या डोळ्यावर तिचा विश्वास होता, पण पाण्यावर जास्त.

साठी ओलांडली त्या वर्षी जॅक्यानं बाईंच्या घराचं काम घेतलं. बाई म्हणजे शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या राहत. चार खोल्यांचं बैठं घर, रस्त्यापेक्षा साडेतीन फूट खाली. त्यांचा भाचा इमारती बांधणारा इंजिनियर. त्याला हे घर पाडून तिथं चार मजले चढवायचे होते.

"मावशी, पाडायची परवानगी आठवड्यात आणतो," भाचा म्हणाला. "वर आपला जॅक आहे."

बाईंनी लगेच पेन काढून हे वाक्य एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं. भाचा कपाळाला हात लावून बसला.

जॅक्या म्हणाला, "साहेबांचा जॅक वरून लागतो. माझे सगळे खालून."

शेवटी मावशी-भाच्यात ठरलं ते असं. घर उचलायचं. पण उचलताना एकाही भिंतीला तडा गेला, तर बाईंनी मुकाट्यानं भाच्याच्या फ्लॅटवर राहायला जायचं आणि घर पाडायचं. भाच्यानं स्वतः भिंतींवरच्या जुन्या बारीक रेघांवर काचेच्या चाळीस पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या आणि त्यांवर आकडे घातले. भिंत केसभर हलली तरी काच फुटणार. माणूस अडेल होता, पण लबाड नव्हता.

जॅक्यानं हे ऐकलं आणि चाळीसही पट्ट्या एकेक करून फिरून बघितल्या. एक्केचाळीस वर्षांत घराला तडा कधी गेला नव्हता असं नाही. पण त्या तड्यापायी कुणाचं घर गेलं नव्हतं.

बाईंना एक नाद होता. एक इंग्रजी शब्द धरायचा आणि त्याचे सगळे अर्थ, तो कोण कुठं कसा वापरतं, तो आला कुठून, हे एकेका चिठ्ठीवर लिहून काढायचं. घर वर जात असताना बाई आतच बसत, कारण हलायला तयार नव्हत्या. जॅक्याही आतच असे, ती त्याची रीत होती; मालकानं आत बसावं असं ज्याला वाटतं त्यानं आधी स्वतः बसावं. त्यामुळं चहाच्या वेळी दोघांची गाठ पडे.

"तुमच्या नावाचा एक खण आहे माझ्याकडे," पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या.

"पोलिसांकडं असतो तसा?"

"जॅक. त्या एका शब्दाच्या सव्वाशे चिठ्ठ्या आहेत. मुळात तो माणूस आहे, ठाऊक आहे का? तिकडं जॉन नावाची माणसं घरटी एक. त्याचं लाडानं जॅक झालं. पुढं ते इतकं स्वस्त झालं, की ज्याचं नाव माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचीही कुणाला गरज नाही, अशा कुणालाही जॅक म्हणायला लागले."

"म्हणजे सोम्यागोम्या."

"तोच. खलाशी जॅक, गडी जॅक, पत्त्यातला गुलामही जॅक. नर गाढवालाही जॅक म्हणतात."

लेकीला ठसका लागला. "हे सांगायची गरज नव्हती बाई," जॅक्या म्हणाला. "आणि फणस? त्यालाही इंग्रजीत जॅकच लावतात ना, ही सांगत होती."

"तो या घरातला नव्हे. त्याचं मूळ नाव वेगळंच, पोर्तुगिजांच्या तोंडून फिरत फिरत इंग्रजीत आलं. आडनाव सारखं निघालं म्हणून कुणी नातलग होत नाही."

जॅक्यानं बशीत चहा ओतला. "मग लोखंडाला माणसाचं नाव कसं लागलं?"

"ज्या कामाला जॅक ठेवायचे, ते काम यंत्र करायला लागलं. चुलीवर मांस भाजताना सळई फिरवत बसायला गडी असायचा. ती फिरवणारं यंत्र आलं, त्याला जॅक म्हणाले. मालकाचे बूट ओढून काढायला गडी असायचा. बूट अडकवून काढायची लाकडी खाच आली, तीही जॅक. तसाच ओझं उचलणारा. गडी गेला, नाव कामावर राहिलं."

"आधी माणूस, मग लोखंड," जॅक्या म्हणाला.

"हो."

"सासऱ्याला हे कळायला हवं होतं. घाई केली त्यानं."

दुसऱ्या दिवशी त्यानं जॅक फिरवायचा दांडा आणून बाईंपुढं ठेवला. "ह्याला टॉमी म्हणतात. ह्याचं बघा काही."

"टॉमीही माणसाचंच नाव."

"मला इतकी वर्षं कुत्र्याचं वाटत होतं."

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याला एक चिठ्ठी वाचून दाखवली: जॅक, वजन उचलण्याचं यंत्र. जॅक्यानं मान हलवली.

"चूक आहे."

"कोशातून घेतलंय मी."

"कोशानं घर उचललंय का कधी? उचलतो माणूस. जॅक फक्त उचललेलं परत देत नाही. दांड्यावरचा हात काढला तरी वर गेलेलं घर वरच राहतं, ते त्याच्या स्क्रूच्या आट्यांमुळं. उचलणारे शंभर मिळतील बाई. धरून ठेवणारा तो जॅक."

शाळेत बाईंनी कधी मुख्याध्यापकांचंही ऐकलं नाही असं म्हणत. त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि पाठीवर शब्दन् शब्द लिहून घेतला. खाली लिहिलं, सांगणारा: जॅक लावणारा, अनुभव एक्केचाळीस वर्षं. जॅक्यानं ते दोनदा वाचायला लावलं. शुद्धलेखन बघायचंय म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी घर पावणेदोन फूट वर आलं होतं. लेकीनं शिट्टी वाजवली, वीस गड्यांनी पाव फेरा दिला, तिनं नळी बघितली आणि पुढची शिट्टी वाजवलीच नाही.

"अप्पा, मागचा कोपरा सूतभर मागं आहे."

"आणखी एक फेरा बघ."

पुढच्या फेऱ्याला दोन सूत झाले. जॅक्यानं खिडकीतून हात बाहेर काढून वर केला आणि सगळी टोळी थांबली. तो कोपरा म्हणजे बाईंची लिहायची खोली. काम सुरू करण्यापूर्वी त्यानं घरातल्या खलबत्त्याचंसुद्धा वजन विचारलं होतं, पुस्तकांची कपाटं मोजली होती. त्या खोलीतल्या पडद्यामागं काय आहे असं विचारल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "चिठ्ठ्या आहेत, कागदाचं काय वजन." एकट्या बाईमाणसाच्या खोलीतला पडदा कशाला सारायचा, म्हणून त्यानं ते मान्य केलं होतं. आता त्यानं पडदा सारला. मागं भिंतभर लोखंडी खण होते, बहात्तर. एक ओढून बघितला. एका हातानं तो निघेना.

"बाई, इथं तर मोटार उभी आहे."

"चाळीस वर्षांचे शब्द आहेत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"शब्दांचं नाही, कागदाचं वजन आहे. चूक माझी. विचारलं, पण बघितलं नाही."

भाचा धावत आत आला. "थांबवा. बास झालं. खण रिकामे करा नाहीतर खाली घ्या."

"साहेब, घर आत्ता पायावर नाही आणि जमिनीवरही नाही. थांबवा म्हटल्यानं ते थांबत नाही. वजन एकदम काढलं तर हा कोपरा उसळी मारेल आणि तुमच्या काचा फुटतील. खाली आणखी चार जॅक घालायचे, एवढंच."

"तिथं हात जात नाही. गर्डरांमधे दीड फूट पण जागा नाही."

"म्हणून मी बारीक राहिलो," जॅक्या म्हणाला आणि सदरा काढला.

लेक त्याच्यामागं जॅक घेऊन सरपटणार होती, म्हणजे नळी बघायला कुणीच उरेना. तिनं ती सरळ भाच्याच्या हातात दिली. "पाण्याची रेघ बघा आणि मोठ्यानं सांगा. अंदाज सांगू नका."

जॅक्या पोटावर सरकत आत गेला. वर बाईंची खोली, खाली ओली माती, नाकापासून वीतभर गर्डर. एकेक जॅक टेकवला, हातानंच आवळला. मग टॉमी घालून पाव फेरा, आणि पुढच्याला पाव. घर कुरकुरलं. कुठल्या कुरकुरीला घाबरायचं आणि कुठली लाकडाची जुनी सवय आहे, हे त्याला पाठ होतं. ही दुसरी होती.

"दोन सूत," बाहेरून भाचा ओरडला.

पाव फेरा.

"दोनच. नाही, पावणेदोन."

"साहेब, हळू बोला, घर ऐकतंय," आतून जॅक्या म्हणाला. गडी हसले, आणि हसल्यावर त्यांचे हात सैल झाले, तेच त्याला हवं होतं.

दीड सूत. एक. अर्धा. शेवटचा अर्धा सूत उचलायला त्याला पाऊण तास लागला. भाचा त्या पाऊण तासात नळीवरून डोळा न हलवता उभा होता. त्याच्या बुटात पाणी गेलं तेही त्याला कळलं नाही. "रेघेला रेघ," तो म्हणाला, आणि मग पुन्हा एकदा वाकून बघून, "रेघेला रेघ आहे."

जॅक्या बाहेर आला तेव्हा मातीनं असा माखला होता की लेकीनं आधी डोळे कुठं आहेत ते शोधलं.

घर साडेतीन फूट वर गेलं, खाली नव्या विटा लागल्या, सिमेंटनं धरेपर्यंत तीन आठवडे गेले. मग जॅक सैल करून एकेक काढले. शेवटचे चार जॅक्यानं स्वतः काढले. शेवटचा सुटला तेव्हा घर नव्या पायावर टेकलं, म्हातारा माणूस खुर्चीत बसताना करतो तेवढाच आवाज करून.

भाच्यानं बॅटरी घेऊन चाळीसही काचा बघितल्या. काही पुसून बघितल्या. एकीचं प्लास्टर निघालं होतं. ती त्यानं हातात घेऊन उजेडाकडं धरली, नखानं वाजवली. अख्खी होती. तो बाहेर आला.

"मावशी, तू इथंच राहतेस," तो म्हणाला. मग आपल्या ऑफिसाला द्यायची कामाची नोंद काढून बसला. "मिस्त्री, एकूण जॅक किती लागले?"

"लोखंडी एकशे चौसष्ट," जॅक्या पाय धुता धुता म्हणाला. "आणि हाडामांसाचे बावीस. त्यातला एक शिट्टी वाजवतो."

भाच्यानं वर बघितलं. जॅक्याच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यानं दोन्ही आकडे लिहिले.